नऊ आहेरांचा कुडता

आमच्या घरी दिवाळीचे कपडे घ्यायचे म्हणजे वडील बारामतीला जाऊन एक अख्खा तागा उचलून आणायचे. त्यातून आम्हा तिघी बहिणींचे झगे, चुलत भावांचे शर्ट आणि उरलंच काही तर उशांचे अभ्रे. आमच्या शेळगावात त्याचं केवढं कौतुक! एका ताग्यातली पोरं, घरात एकी आहे बघा, असं लोक म्हणायचे. मला त्या एकीचा तिटकारा होता. एका वर्षी माझा झगा आणि ट्रॅक्टरच्या सीटचं कव्हर एकाच कापडाचं निघालं. मी दोन वेळा जेवले नाही, तिसऱ्या वेळी आईनं पाठीत धपाटा घातला तेव्हा जेवले.

पुढं कॉलेजसाठी मी बारामतीला आले आणि जवळच जळोचीला आत्याकडं राहू लागले. नव्वदच्या दशकाची ती मधली वर्षं. केबल घरोघर आली होती आणि ज्या हिरॉइनचा ड्रेस चालला असेल तो महिनाभरात बारामतीच्या दुकानांत लटकायचा. मग वर्गातल्या निम्म्या मुली त्याच ड्रेसमध्ये. प्रत्येकीला वाटायचं, आपण काहीतरी वेगळं घातलंय. मलाही तो ड्रेस हवाच असायचा, खोटं कशाला बोलू. मिळाला नाही की मी त्याला नावं ठेवायचे.

एकदा आत्यानं मला साडीला फॉल लावून आणायला पाठवलं. जळोचीतच, मळ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला एक बाई शिलाईकाम करायची. तिच्या सासरची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन फिरायची, आता थोडी शेती करायची आणि नवरा दुधाच्या गाडीवर होता. उजेड यावा म्हणून मशीन दारातच ठेवलेली. फॉल, पिको, परकर, पोरांचे शाळेचे गणवेश, बायकांचे ब्लाउज, एवढंच तिचं काम. पण आत दोरीवर तिच्या मुलीचा एक फ्रॉक वाळत होता, आणि तो बघून मी साडीची पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले.

फ्रॉक ब्लाउजपिसांचे तुकडे जोडून केला होता. तसे तर गरिबाघरी सगळेच तुकडे जोडतात. पण ते लपवून जोडतात. हिनं दोन कापडांच्या मध्ये पांढऱ्या जाड दोऱ्याचा टाका सरळ वरून टाकला होता, आणि कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग ठेवायचा ते असं ठरवलं होतं की दुसऱ्या कुणाला ते सुचलं नसतं.

"मावशी, हे कुठं बघितलं तुम्ही?" मी विचारलं.

"बघायचं कशाला? मनातनं केलं," ती म्हणाली. "आन् टाका म्हनशील तर आमच्या घोंगड्याचा हाय. घोंगडं दोन पट्ट्यांचं असतं, मधी शिवन दिसतीच. दडवायची कशाला?"

मला तसलं हवं होतं. माझ्या मापाचं, मोठ्या मुलीचं. कापडाचा प्रश्नच नव्हता, कारण आईची ट्रंक आहेराच्या ब्लाउजपिसांनी भरलेली होती. आमच्याकडं लग्न, बारसं, डोहाळजेवण, काहीही असो, बाईला ब्लाउजपीस देतातच, आणि ते कुणीही शिवत नाही. ते ट्रंकेत जातं आणि पुढच्या कार्यात दुसरीला दिलं जातं. काही बायका तर कोपऱ्यात पेनानं बारीक खूण करून ठेवतात, आपलाच आहेर फिरून आपल्या घरी येतो का ते बघायला. मी आईला विचारून नऊ पिसं आणली. त्यात एक वांगी रंगाचा खण होता, बाकीच्यांपेक्षा फार उजवा.

मावशीनं टेप लावली नाही. मला अंगणात चालायला लावलं. मग म्हणाली, "येष्टीत उभी ऱ्हाती तशी हात वर कर. दांडी धरायची, तशी." मी हात वर केला. तिनं बाहीखाली खडूनं काहीतरी मनाशीच आखलं. "रोज लोंबकळत जायाचं तुला, बाही तशी पायजे," म्हणाली. आजवर कुठल्याही शिंप्यानं मला तू कुठं जातेस, कशी उभी राहतेस, असं विचारलं नव्हतं.

शिलाई किती, असं मी विचारलं तर तिनं मान हलवली. "शिलाई नगं. पर कुनी इचारलं तर माझं नाव सांगायचं. फॉल लावून लावून डोळं गेलं माझं. मला ह्ये शिवायचंय. कालेजच्या चार पोरी आल्या तर घरातली बी म्हनतील, हिला करू द्या." मी म्हटलं, सांगेन की, त्यात काय!

आठ दिवसांनी कुडता अंगात घातला. गुडघ्यापर्यंतचा, वांगी खण घेराला खालून फिरवलेला, छातीवर मोहरी रंग, एक बाही हिरवी आणि दुसरी हिरवीच, पण जुन्या, उतरलेल्या हिरव्या रंगाची. आत्याच्या कपाटाच्या आरशात मी स्वतःकडं कितीतरी वेळ बघत होते. मी सुंदर दिसत होते असं नाही. पण ती मीच होते, एवढं नक्की. इतका आनंद मला कपड्यानं पुन्हा कधी दिला नाही. दशक संपता संपता पुण्याला एका प्रदर्शनात असेच जोडाचे कुडते मी पाहिले. एका मुलीनं स्वतः बनवलेले, आत तिच्या नावाची पट्टी, आणि लोक तिला डिझायनर म्हणत होते. बरे होते. बाहीत हात अडकत होता.

मावशीची पट्टी म्हणजे मानेपाशी आतून लाल दोऱ्याची एक गाठ. मेंढरं ओळखायला कानाला खूण करतात, तशी तिची ही. कॉलेजला जायच्या आधी मी ती गाठ ब्लेडनं कापून टाकली. का, ते आता सांगायलाच हवं. आम्ही ऊसवाले, कारखान्याचे सभासद. मेंढरांमागं फिरणाऱ्यांच्या घरात शिवलेलं आपण घालतो, हे वर्गात कळू नये, म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

वर्गात मुलींनी घेरलंच. कुठून घेतला, कुणी शिवला, कितीला पडला. उचलली जीभ लावली टाळ्याला! "पुण्याहून आणला. लक्ष्मी रोडवरून," मी म्हणाले. म्हणताना मला जराही अवघड गेलं नाही. उलट पुण्याचं नाव घेतल्यावर त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मला फार आवडलं.

संध्याकाळी मावशी दारातच होती. "इचारलं का कुनी?"

"हो, सगळ्यांनी."

"मंग?"

"येणार आहेत," मी म्हणाले.

ती हसली. दर दोन-चार दिवसांनी ती विचारायची आणि मी तेच सांगायचे. परीक्षा आहे, परीक्षा झाली की येतील. तिनं माझ्या भरवशावर आणखी चार कुडते करायला घेतले, जावेकडून, शेजारणींकडून त्यांच्या ट्रंकेतली ब्लाउजपिसं मागून. ते तयार करून दारातल्या दोरीला लावले, पोरी आल्या की दिसावेत म्हणून. मी रोज त्यांच्यासमोरून एसटीला जायचे.

वर्गातल्या एका मुलीचं लग्न निमगाव केतकीला होतं. आम्ही सगळ्याजणी गेलो, मी तोच कुडता घालून. आमच्या इंदापूर तालुक्यात कुठल्याही मांडवात जा, नात्यातलं कुणीतरी भेटतंच. तिथं माझी मामी भेटली. मामीचं बोलणं कधीच हळू नसतं. तिनं माझी विचारपूस केली, बोलता बोलता तिची नजर खाली घेरावर गेली आणि ती थांबली. मग सगळ्यांच्या देखत खाली वाकून तिनं माझ्या कुडत्याची कड उलटी केली. आत हिरव्या शाईचे दोन ठिपके होते.

"ह्यो माझा खण हाय," मामी म्हणाली. "तुझ्या आयला दिला व्हता, तुझ्या बहिनीच्या डोहाळजेवनात. चांगला म्हणून निवडून दिला. त्याच्या चिंध्या केल्या व्हय?"

"पण हा तर पुण्याचा ना गं?" एक मैत्रीण म्हणाली. बाकीच्या माझ्याकडं बघत होत्या. एक तोंडावर रुमाल धरून हसत होती.

मी काय काय म्हणू शकले असते! माझी चूक झाली मामी, मला आवडला म्हणून मी कापायला दिला, आणि बघा तरी किती सुंदर झालाय. नाहीतर नुसती रडले असते तरी चाललं असतं. पण माझं डोकं अशा वेळी फार चपळ चालतं, आणि त्याचा मला आजही राग येतो. मी म्हणाले, "मला काय माहीत मामी? जळोचीत एक शिवणारी बाई आहे, तिच्याकडनं मी हा घेतला. पुण्याच्या लक्ष्मी रोडवरून आणलाय असं सांगून तिनं तो मला विकला. तुमचा खण आईनं तिच्याचकडं ब्लाउजला टाकला होता. ती म्हणाली, हरवला."

दोन्ही खोटं एका दमात बसलं. आईवरचा बोल गेला, वर्गात माझीही लाज राहिली, आणि सगळं त्या बाईच्या गळ्यात पडलं.

"तरीच!" मामी म्हणाली. "कापड मारल्याबिगर का यवढ्या रंगाचं तुकडं गोळा व्हत्यात?" आणि तिनं माझा कुडता एकेक रंगावर बोट ठेवून बाकीच्या बायकांना दाखवला. हा कुणाचा असंल, हा कुणाचा असंल. त्या कुडत्याची जी जादू होती तीच आता पुरावा झाली. बाईचं घर कुठं, कुणाची कोण, हे सगळं मामीनं मला विचारून घेतलं. मी सांगितलं. नाव विचारलं, तेही सांगितलं.

जळोचीपर्यंत बातमी यायला आठवडासुद्धा लागला नाही. बायका एकेक करून आपापली कापडं परत मागायला जाऊ लागल्या. कुणी अर्धवट शिवलेला ब्लाउज तसाच ओढून आणला. ज्या जावेनं हौसेनं ब्लाउजपिसं दिली होती, तीच म्हणू लागली की मी दिलीच नव्हती. दोरीवरचे चार कुडते बघायला आता लोक यायचे, पण आपलं कापड त्यात आहे का हे शोधायला. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. आत्या रात्री जेवताना हे सगळं सांगायची आणि मी ताटात बघत भाकरी मोडायचे.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आईला खरं काय ते सांगितलं. वाटलं, आई रागावेल आणि मला हाताला धरून मामीकडं नेईल. पण आई म्हणाली, "झालं त्ये झालं. मामीचा राग आपल्यावर आला असता तर वरीसभर यनं-जानं बंद झालं असतं. तू आता उगंच उकरू नगंस." मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

परत आल्यावर मी महिनाभर लांबच्या रस्त्यानं एसटीला जात होते. एक दिवस उशीर झाला म्हणून तिच्या दारावरून गेले. दोरी रिकामी होती. मशीनवर चादर टाकलेली. ती उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. "ये की," म्हणाली. ओरडली असती तर मी पळाले असते. आवाज नेहमीचाच होता, म्हणून गेले.

ती आत गेली आणि एक पिशवी घेऊन आली. "ह्ये घे. तुज्या नऊ पिसांतलं कातरन. बोटायवढं बी मी ठिवलेलं न्हाय. घरी जाऊन जुळवून बघ."

पिशवीत सगळ्या रंगांच्या चिंध्या होत्या, काही तर दोऱ्याइतक्या बारीक. एवढ्याशा चिंध्या कुणी जपून ठेवत नाही. तिनं त्या जपल्या होत्या, पुढं कशाला तरी उपयोगी पडतील म्हणून असणार. आता त्या ती स्वतःच्या निर्दोषपणाचा दाखला म्हणून मला देत होती. मला, जिला सगळं माहीत होतं.

"मावशी, मी सांगते सगळ्यांना. आत्याला सांगते, मामीला पत्र लिहिते, वर्गात सांगते," मी म्हणाले. मला रडू येत होतं, आणि त्या क्षणी ते खरं होतं.

"नगं," ती म्हणाली. तांदळातला एक खडा काढून तिनं बाजूला टाकला. "नाव सांग म्हनलं व्हतं, त्ये सांगितलंस. आता माझं कुटं काय सांगू नगंस."

मी लगेच मान डोलावली. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली आणि मी एसटी गाठली. तिचं तेवढं एक सांगणं मी पुढं अगदी काटेकोर पाळलं.