शेपटीसाठी भोक असलेला झगा

पुएब्लातल्या अनाल्को मोहल्ल्यात दोन्या एउस्तोलियाचा तवा चर्चच्या कोपऱ्यावर, आणि जीभ सगळ्या गावभर. मक्याच्या पोळीत चीज आणि भोपळ्याची फुलं घालून ती केसादिया भाजायची, आणि भाजता भाजता येणाऱ्या-जाणाऱ्यालाही भाजून काढायची. गॅसवाल्याने सिलिंडर हलका दिला की त्याला भर रस्त्यात काट्यावर तोलायला लावायची. "मी गिऱ्हाईक आहे, भिकारीण नाही!" हे तिचं वाक्य शेंबड्या पोरांनाही पाठ होतं. दोन्या म्हणजे बाई, पण मोहल्ला तिला नुसतं तोलिया म्हणायचा, तेही जरा जपूनच.

दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या सणाला, घरोघरच्या बाळ येशूची मूर्ती नाताळच्या गव्हाणीतून उचलून, तिला नवा झगा घालून चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. झगा आणायचा बाळाच्या धर्ममातेने. त्या दिवशी तोलिया तवा बंद ठेवायची आणि चर्चच्या पायऱ्यांवर ठाण मांडून बसायची. एकेक बाळ वर चढलं की हिचा निकाल तयार. "हा बाळ आहे का केकवरचं क्रीम?" "ह्याला झगा घातलाय का ह्याला झग्याने गिळलंय?" लोक हसायचे. स्वतःचं बाळ पायऱ्यांवर येईपर्यंत सगळेच हसतात म्हणा!

गेल्या वर्षी समोरच्या हेनोवेवाचं बाळ आलं. धर्ममाता होती म्हातारी प्राक्सेदिस. डोळ्यांनी अधू, तरी झगा तिने घरीच शिवला होता. तोलियाने मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई! हा झगा का न्हाणीघराचा पडदा?" पायऱ्या खदखदल्या. प्राक्सेदिसही कसंनुसं हसली, पण नंतरच्या तामालेसच्या जेवणाला थांबली नाही. धर्ममातेने बाळाला तीन वर्षं सांभाळायचं असतं. प्राक्सेदिसने दोनच केली. डिसेंबरात तिने निरोप धाडला, डोळे साथ देत नाहीत, दुसरी कुणी बघा.

हेनोवेवाचं चपलांचं दुकान, आणि स्वभावही चपलेसारखाच, वेळेवर हाणणारा. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिने सगळ्यांसमोर बाळ उचलून तोलियाच्या ओंजळीत ठेवलं. "तिला तू हाकललंस. तिसरं वर्ष आता तू निभाव, कोमाद्रे."

कोमाद्रे, म्हणजे बाळाच्या नात्याने बहीण, म्हटलं की नातं लागलं, आणि देवाच्या बाळाला नको म्हणायची तर सोयच नाही. पण खरं सांगू? तोलिया आतून हरखली होती. पन्नाशी उलटली तरी तिला आजवर कुणी हा मान दिला नव्हता. ज्या बाईने सगळ्यांच्या बाळांना नावं ठेवली, तिच्या हाती बाळ देणार कोण? तिने ठरवलं, झगा असा आणायचा की त्या पायऱ्यांवर एकाचंही तोंड उघडता कामा नये.

झगे मिळतात बाजारामागच्या बोळात. सगळे बाळाला कडेवर घेऊन तिथे जातात, अंगाला लावून पाहतात, घासाघीस करतात. पण त्या बोळातल्या एकूणएक बाईच्या कामावर तोलियाने कधी ना कधी थुंकून ठेवलं होतं. आता कुठल्या तोंडाने जाणार? मग तिने फोनवरच्या एका मोठ्या दुकानात शोधलं. पांढरं साटीन, त्यावर चांदीच्या तारेची कबुतरं. माप तीस सेंटिमीटर, अगदी बाळाएवढं. फोटो पाहता पाहता दोन केसादिया करपल्या. पैसे आगाऊ भरले आणि ती मोहल्ल्याला सांगत सुटली, "बघालच तुम्ही!"

मोहल्ल्याने बघितलं बरं का.

पाकिटातून निघाला पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा अंगरखा. पाठीवर जाळीचे दोन पंख, टोपीला लवलवणाऱ्या दोन मिशा. तोलियाला आधी वाटलं, देवदूताचा नवा प्रकार असेल. मग तिने बाह्या मोजल्या. चार! आणि मागच्या बाजूला, छान काठ शिवलेलं गोल भोक. आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर एक बुटका कुत्रा जीभ बाहेर काढून हसत होता.

"शेपटीसाठी!" तोलिया किंचाळली. "मेल्यांनो, शेपटीसाठी!"

तिने दुकानाच्या मदतीच्या खिडकीत तक्रार टाकली. आधी एका यंत्राने तिला भरपूर गोड शुभेच्छा दिल्या, मग ब्रायन नावाचा माणूस आला.

"कपडा कुणासाठी मागवला होता, सेन्योरा?"

"माझ्या धर्मबाळासाठी." मोहल्ल्यातली कुठलीही बाई हेच बोलली असती.

"बाळाचं वय?"

तोलियाने विचार केला. नाताळला जन्मलं. "महिन्याचं झालंय."

"बाळाला घालून पाहिला का?"

"लावून पाहिला ना! त्याला हात दोन, तुझ्या बाह्या चार!"

"क्षमा असावी. तान्ह्या बाळाच्या अंगाला लागलेला कपडा आरोग्याच्या कारणास्तव आम्ही घेत नाही. उघडून वापरलेला माल परत होत नाही."

"अरे बाबा, आवडला नाही म्हणून परत देत नाहीये मी! मी मागवलं एक, तू धाडलंस भलतंच!"

"समजलं. मग कपडा घातलेल्या बाळाचा फोटो पाठवा, तपासून कळवतो. चेहरा स्पष्ट दिसू द्या."

तोलियाचा हात फोनवर थांबला. देवाच्या लेकराला कुत्र्याचा कपडा? पण फोटो नाही तर झगा नाही, आणि झगा नाही तर पायऱ्यांवर तिची शोभा. शेवटी तिने पडदा ओढला, कपाळाला क्रूस केला आणि बाळाला मधमाशी केलं. आशीर्वादासाठी उचललेली त्याची चिमुकली बोटं पंखात अडकली, ती तिने हळूच सोडवली. "राजा, तक्रारीपुरतंच हं. आईला सांगू नकोस."

सकाळी फोटो त्या दुकानाच्या पानावर झळकत होता. वर पाच तारे, खाली ओळ: "आमच्या आनंदी ग्राहकाचा लाडका पाहुणा!" दुपारपर्यंत मोहल्ल्यात तो न पाहिलेला एक आंधळा भिकारीच उरला होता. खाटीक तव्यापाशी येऊन गंभीरपणे म्हणाला, "तोलिया, एक केसादिया दे. मध घालून." तोलियाने मान खाली घालून त्याला साधी केसादिया भाजून दिली! असं याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

हेनोवेवा आली, पण ओरडली नाही. "कोमाद्रे, तो बाळ माझ्या आजीचा आहे," एवढंच म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

तोलिया अंगरखा पिशवीत कोंबून ग्राहकांच्या सरकारी कचेरीत गेली. तिथल्या वकीलबाईंनी मागवलेल्या झग्याचा फोटो पाहिला, मग पंख पाहिले, मग भोक पाहिलं, आणि ओठ घट्ट मिटून हसू दाबलं.

"दोन्या, याला परत करणं म्हणतच नाहीत. तुम्ही पैसे ज्याचे दिलेत ते त्यांनी दिलंच नाही. मग उघडा, घाला, काहीही करा. तोच झगा द्यायचा नाहीतर पैसे, आणि हे परत नेण्याचा खर्चही त्यांचाच. आणि तुम्हाला न विचारता फोटो लावला कसा त्यांनी? सुनावणीची तारीख मार्चची मिळेल."

"मार्च? वकीलबाई, कांदेलारिया तोंडावर आलाय! हे तर वरातीमागून घोडं!"

वकीलबाईंनी तिथूनच दुकानाला कळवलं. नाक दाबल्यावर तोंड उघडतं ते असं. दुसऱ्या दिवशी फोटो गायब, पैसे परत, वर लांबलचक माफी आणि भेट म्हणून एक सवलत. कुत्र्यांच्या कपड्यांवर. कबुतरांचा झगा मात्र संपला होता.

म्हणजे तोलिया जिंकली. हक्क मिळाला, पण हक्क काही बाळाच्या अंगात घालता येत नाही. सण उद्यावर आलेला. ती नाक मुठीत धरून बाजारामागच्या बोळात गेली. तिथे उरले होते ते झगे एकतर बोटाएवढे, नाहीतर शाळेतल्या पोराला होतील असे. "तिसांचं माप केव्हाच उडालं, दोन्या," दुकानदारीण गोड आवाजात म्हणाली. "आणि तुम्ही तर फोनवर मागवलाय म्हणे?"

हेनोवेवाने पेटीतून गेल्या वर्षीचा झगा काढला. जुना झगा म्हणजे धर्ममाता हात हलवत आली, हे सगळ्या मोहल्ल्याला कळणार. त्यातून एक बाही उसवलेली. तोलियाने सुई मागितली.

"अं हं," हेनोवेवा म्हणाली. "जिने शिवला तिला आधी विचारून ये."

तोलियाने प्राक्सेदिसचं दार ठोठावलं. भांडायचं असतं तर शब्द आपोआप आले असते. दार उघडलं तेव्हा तिला तिची एकच भाषा सुचली.

"दोन्या प्राक्सेदिस, गेल्या वर्षी पायऱ्यांवर मी तुम्हाला चुकीचा माल दिला. परत घ्यायला आलेय."

म्हातारीने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. ब्रायनचा किस्सा तिच्याही कानावर आला होता, येणारच.

"उघडून वापरलेला माल परत होत नाही, तोलिया. वर्षभर वापरला मी तो. रात्री उशाला घेऊन निजले."

 लाजेने तोलियाची मान खाली गेली ती वर येईना. हातातला झगा तिने छातीशी धरला होता. म्हातारीने तो चाचपला, उसवलेली बाही तिच्या बोटांना लागली.

"इथे घाईत टाके घातले होते मी, ते सुटले. आत ये. सुई ओवून दे, मला दिसत नाही. आणि रडायचं असेल तर लांब बस, साटीनवर डाग पडतो."

"साटीन?"

"मग काय पडदा? माझ्या लग्नाचा पोशाख होता तो."

दुसऱ्या दिवशी तोलिया बाळाला घेऊन चर्चच्या पायऱ्या चढू लागली. तिच्या नेहमीच्या जागेवर खाटकाची बायको बसली होती, आणि सगळा मोहल्ला वाट बघत होता.

"अय्या!" खाटकाची बायको म्हणाली. "गेल्या वर्षीचा पडदाच की!"

हसू फुटलं. तोलिया थांबली. जिभेवर एक सणसणीत उत्तर आलं होतं, ते तिने गिळलं.

"हो, तोच," ती म्हणाली. "बाळाला अगदी मापात बसतो. बाजूला सर जरा, शिवणारी मागून येतेय. तिला पायऱ्या दिसत नाहीत, हात दे."