शेवटच्या नळाचे काका

लग्नाच्या पंगतीत दाबकाका नेहमी शेवटच्या पानावर बसत. यजमान हाताला धरून पुढे न्यायला आले तरी हलत नसत. "वाढपी इथवर येईतो बुंदी उरते का, ते बघतोय," म्हणत. कारखान्यांच्या पाइपलाइनी आखणाऱ्या आमच्या भोरच्या छोट्या कार्यालयात ते सर्वांत जुने. कुठलाही नकाशा पुढे आला की "टोकाला दाब किती उरला?" हा त्यांचा पहिला प्रश्न, म्हणून हे नाव पडलं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

मी त्यांच्या हाताखाली शिकलो. इतर लोक हिशेब पंपापासून सुरू करत. काका सर्वांत लांबच्या नळापासून उलटे येत. तिथे किती पाणी, किती दाब हवा ते आधी ठरवायचं. मग मागे येताना पाइपची लांबी, प्रत्येक वळण, प्रत्येक व्हॉल्व्ह यांत वाया जाणारा दाब मिळवत जायचा. वरव्याजवळच्या एका कारखान्याचे मालक एकदा म्हणाले, "दोन इंचाच्या जागी दीड इंची टाका हो. पाणी गेल्याशी कारण." काका म्हणाले, "जाईल की. पण तेवढंच पाणी न्यायला दाबाचा तोटा चौपट होईल. शेवटच्या मशीनवरच्या माणसाला सांगायला तुम्ही जाताय, की मी जाऊ?" दोन इंची मंजूर झाला.

पासली ही माझी सासुरवाडी. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी टाकीत घ्यायचं आणि टाकीतून घरोघर न्यायचं, असं गावानं ठरवलं, तेव्हा सासऱ्यांच्या शब्दावरून मी काकांना तिथे नेलं. त्यांनी दारोदार जाऊन माणसं मोजली. प्रत्येक ठिकाणी विचारलं, "आणखी कुणी?" लोक म्हणाले, "न्हाई, एवढीच." ते खरंही होतं. त्या आकड्यावर पाइप ठरला आणि पुरला. लाइनीच्या टोकाला, पलीकडच्या टेकाडावर सोनाआजी राहत. त्यांच्या नळालाही बेताचं पण पुरेसं पाणी आलं.

मग जत्रा आली. पुण्याला गेलेली घरं परतली, बंद दारांची कुलपं निघाली, माणसं तिप्पट झाली. पाणी तिप्पट ओढलं की दाबाचा तोटा नऊपट होतो. टेकाडावर थेंब चढेना. घरात लेकी, जावई, नातवंडं, आणि सोनाआजी रिकामी कळशी घेऊन उभ्या. "पावन्यांम्होरं लाज गेली माजी," त्या काकांना म्हणाल्या. गावानंच नीट सांगितलं नव्हतं, असं काहीतरी मी बोलू लागलो. काकांनी मला थांबवलं. "माणसं मी मोजली. कुलपं मोजली नाहीत."

पाइप बदलायचा तर सगळा उतार पुन्हा खणावा लागला असता. गाव तयार झालं नाही. तेव्हापासून दर जत्रेला काका भल्या सकाळी पासलीत हजर असत. आंघोळ घरी उरकलेली, पिण्याच्या पाण्याची बाटलीही स्वतःची. टाकीजवळच्या घरांना हात जोडून सांगत, "दोन तास व्हॉल्व्ह बंद ठेवा. टेकाडावर पाणी चढू द्या." लोक कुरकुरत. "काका आलं, आता आपलं पानी गेलं," अशी थट्टा करत, पण ऐकत. टेकाडावरचे हंडे भरेपर्यंत काका देवळातही जात नसत.

टाकीजवळचं पहिलं घर माझ्या सासऱ्यांचं. जत्रेला जावई म्हणून माझा मान मोठा. न्हाणीत नळ नुसता फिरवला की बादली उसळून वाहायची. मी ती भरून घ्यायचो. तिच्यापायी कुणाच्या घरात काय कमी पडतं, हे गावात काकांच्या खालोखाल मलाच ठाऊक होतं.

काका गेल्या हिवाळ्यात वारले. यंदा जत्रेच्या सकाळी सोनाआजींचा फोन आला. "काका न्हाईत, आता म्या कुनाला सांगू? तुमीच बोला की जावईबापू."

मी अंगणात आलो. मेहुणा पाइपनं गाडी धूत होता. त्याला म्हटलं, "व्हॉल्व्ह बंद कर. टेकाडावर पाणी नाही."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हसला. "दाजी, तुमची आंगुळ झाली वाटतं."

व्हॉल्व्ह मात्र त्यानं बंद केला. मी पुढच्या घराकडे निघालो. केसांतलं पाणी अजून मानेवर ओघळत होतं.