कार्पेटखालच्या वायरी

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मी जालन्यातल्या एका खाजगी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. फळ्यावर नेटवर्क काढण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. स्टार म्हणजे मधोमध हब नावाची डबी आणि तिला जोडलेले सगळे कॉम्प्युटर. बस म्हणजे एकच लांब वायर, तिलाच सगळे लटकलेले. खरं नेटवर्क मात्र मी जन्मात जोडलं नव्हतं. क्लासमधल्या चार कॉम्प्युटरांना मागून निळ्या वायरी होत्या, त्या कार्पेटखाली जायच्या आणि तिथेच संपायच्या. हब आणलाच नव्हता. बडा घर पोकळ वासा!

टेंभुर्णीची एक मुलगी रोज एसटीने यायची. एकदा तिचे वडील सोबत आले, चपला बाहेर काढून दबकत आत शिरले. मुलगी कौतुकाने म्हणाली, "बाबा, ह्या वायरीतून इथलं पत्र तिथं जातं."

"मंग पाठवून दाखवा की, सर."

"आज लाईटचा प्रॉब्लेम आहे," मी म्हणालो. डोक्यावर पंखा गरगरत होता.

त्यांची मोसंबीची बाग होती. झाड सुकलं की ठिबकची नळी हाताने चाचपत जायची त्यांना सवय. ते वाकले, वायर धरून कार्पेटपर्यंत गेले आणि कोपरा उचलला. चार सुटी टोकं. मुलगी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होती. त्यांनी कार्पेट होतं तसं बसवलं.

जिन्यात म्हणाले, "पोरीला म्या काही बोललो न्हाई. तिचा लई भरोसा हाय तुमच्यावर. जल्दी जोडून घ्या, बराबर शिकवा."

मी क्लासच्या मालकांकडे विषय काढला, त्यांनी तो पुढच्या महिन्यावर ढकलला. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते. हब आला असता तर मलाच तो जोडता येत नाही हे उघडं पडलं असतं.

कोर्स संपल्यावर ती एमआयडीसीत एका बियाणं कंपनीत मुलाखतीला गेली. आकृत्या तिने बिनचूक काढल्या. मग त्यांनी दोन कॉम्प्युटर, हब आणि वायरी समोर ठेवून जोडायला सांगितलं. तिला जमलं नाही, नोकरी हुकली. दुसऱ्या दिवशी ती क्लासमध्ये आली, डोळे भरलेले.

"तुम्ही तर शिकवल्तं, सर. मीच विसरले."

मी म्हणालो, "तुझा सराव कमी पडला."