सरासरीबाई

आमच्या सरकारी रुग्णालयात तिला सगळे 'सरासरीबाई' म्हणायचे, आणि सुरुवातीला त्यात प्रेम वगैरे काही नव्हतं.

त्या वर्षी विभागातल्या सरकारी रुग्णालयांची क्रमवारी लागली आणि आम्ही तळाला गेलो. आमच्याकडे दगावणारे रुग्ण सर्वांत जास्त. आमचा अतिदक्षता विभाग बंद करायचं घाटत होतं. मी तिथली मुख्य नर्स. भाजीवालीसुद्धा विचारायची, "तुमच्याकडे गेलेला माणूस घरी येतो ना हो?"

अशात आरोग्य खात्याने ही संख्याशास्त्राची बाई पाठवली. माझ्यापेक्षा बरीच लहान. आल्या आल्या म्हणाली, "आकडे आहेत माझ्याकडे. रुग्ण येतात कसे, ते बघायचंय."

आठवडाभर ती अँब्युलन्स थांबते तिथे उभी राहिली. आजूबाजूच्या रुग्णालयांनी हात टेकले की रुग्ण आमच्याकडे येतो, हे तिने डोळ्यांनी पाहिलं.

"हेच तर आम्ही ओरडून सांगतोय!" मी म्हटलं.

"ओरडून भागत नाही, सिस्टर. मोजून दाखवावं लागतं."

तिने प्रत्येक रुग्णाचं वय, आजार, येतानाची अवस्था धरून हिशेब मांडला: इतक्या गंभीर रुग्णांपैकी साधारण किती दगावले असते, आणि प्रत्यक्षात किती दगावले? बैठकीत निकाल आला. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त माणसं आम्ही वाचवली होती. मला सगळ्यांसमोर रडू फुटलं.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "ऑपरेशनच्या जखमा मात्र तुमच्याकडे जास्तच चिघळतात."

मोठे डॉक्टर उखडले. "हे आत्ताच सांगायला हवं होतं?"

"गोड तेवढंच सांगितलं, तर त्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही, सर."

आम्ही चरफडलो, पण शोधायला लागलो. ड्रेसिंगच्या खोलीतला नळ कित्येक महिने कोरडा होता. हात धुवायला लांब जावं लागायचं, आणि घाईत ते राहून जायचं. आमच्या ते अंगवळणीच पडलेलं. नळ दुरुस्त झाला, जखमा सुकू लागल्या. आणि विभाग चालू राहिला.

गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याला हृदयविकाराचा झटका आला. त्याच विभागातून तो स्वतःच्या पायांनी घरी आला. मी तिला फोन केला. म्हटलं, "तू नसतीस तर हे गेलेच असते गं."

"एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, ताई," ती म्हणाली. मग तिनेच विचारलं, "भाऊजी नीट जेवतायत ना?"