पाणी किती वेळ घातलं?

भाजलेलं माणूस दारात आलं, की ड्रेसिंगच्या सिस्टर ‘कसं झालं?’ असं विचारत नसत. ‘पाणी किती वेळ घातलं?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. उत्तर बहुधा मिळत नसे. मग त्यांचा आवाज बाहेर केसपेपरच्या रांगेपर्यंत जाई.

तालुक्याच्या त्या दवाखान्यात मी औषधभांडार सांभाळायचे. सिस्टर पिंगळीहून रेल्वेने येत. भाजल्यावर लोक काय काय लावून येतात, याची मी यादीच ठेवली होती : टूथपेस्ट, शाई, हळद-तेल, ओली माती, किसलेला बटाटा, एकदा तर चुलीतली राख. सिस्टरांनी ती वाचली. “ह्यात पाणी कुठंय? लिहा की खाली, पाणी : कोणीच न्हाई.” मी लिहिलं.

तापाला, खोकल्याला, कशालाही आलेल्या आईला त्या गाठत. “लेकराच्या आंघोळीला बादलीत आधी काय वतता?” ‘गरम’ म्हणणारीची लवकर सुटका नसे. “आधी गार, मंग गरम. तुमी गार आणायला वळलात अन् लेकरू बसलं त्यात, तर?” बायका हसत. सिस्टर हसत नसत. असं लेकरू त्यांनी स्वतःच्या हातांनी उचललेलं होतं.

एका सकाळी एक गुरुजी आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आले. उकळता चहा तिच्या उजव्या हातावर सांडला होता. हात टूथपेस्टने पांढराफटक.

“गुरुजी, हातावर दात आलेत का लेकराच्या?”

“थंड वाटतं म्हणून लावली, सिस्टर.”

“आन् पाणी?”

“नळ आठ दिवसांनी येतो हो. टाकीतलं पुरवायचं होतं.”

“म्हंजे टाकी भरलेली होती.”

सिस्टरांनी ओल्या बोळ्याने पेस्ट काढायला घेतली.

“समद्या घराला पुरलं. लेकीच्या हातालाच पुरलं न्हाई, व्हय?”

मला आजही याचाच संताप येतो. ज्या घरात पाणीच नाही, त्या घराचं मी समजू शकते. पण साठवायची आपल्याला इतकी सवय लागली आहे, की पोरीचा हात भाजला तरी टाकीची तोटी सोडायला जीव होत नाही. वीस मिनिटं वाहतं गार पाणी, बांगड्या-अंगठ्या लगेच काढणं, स्वच्छ कापडाने सैल झाकणं आणि थेट दवाखाना. चार गोष्टी. शिकल्यासवरल्या घरात त्यातली फक्त चौथी झाली होती.

पेस्ट निघेपर्यंत पोर किंचाळत होती. सिस्टरांनी प्रत्येक बोट वेगळं गुंडाळलं. “बोटं एकमेकाला चिकटली तर पेन्सिल कशानं धरंल ही?” जखम भरल्यावर रोज बोटं उघडायचा व्यायाम सांगितला. पण हलवलं की ती रडते म्हणून घरच्यांनी तो सोडून दिला आणि दवाखान्यात यायचंही बंद केलं. मग सिस्टर आपल्या सुटीचे रविवार मोडून त्यांच्या घरी जाऊ लागल्या. आजी म्हणायची, “कसाई हाय ही बाई.” सिस्टर म्हणायच्या, “असंन.” पोरीची चार बोटं सुटली. करंगळी आखडलीच.

सिस्टर निवृत्त झाल्या त्या दिवशी शाल-नारळ झाला, भाषणं झाली. गुरुजी मुलीला घेऊन पेढे द्यायला आले. “तुमच्यामुळे हात वाचला, सिस्टर.”

सिस्टरांनी तिची करंगळी धरून सरळ करून पाहिली. झाली नाही.

“शाळेत पोरांना सांगितलं का गुरुजी, भाजल्यावर काय करायचं ते?”

“अभ्यासक्रमात नाही ना ते.”

सिस्टरांनी पेढा घेतला नाही. “गाडी हाय माजी,” एवढंच म्हणून त्या स्टेशनकडे निघाल्या. त्यानंतर दवाखान्याकडे त्या फिरकल्या नाहीत.

त्या दिवशी त्या गेल्यावर गुरुजी पेढ्यांचा डबा धरून उभेच होते.

“तुमच्या शाळेत परिपाठ किती वाजता असतो?” मी विचारलं.

“दहाला. का हो, ताई?”

“उद्या मी येतेय. पोरांना ओळीत बसवून ठेवा. आणि गुरुजी, तुम्ही पहिल्या ओळीत बसा.”