अभ्यास संपेपर्यंत

त्याला सगळे ओळंब्या म्हणत. गवंडी माणूस; ओळंबा, म्हणजे दोरीला लोंबणारं वजन, न लावता नुसत्या नजरेनं तो भिंत किती कलली ते सांगायचा. नदीकाठच्या त्या गावातली निम्मी घरं त्याच्या हातची.

तो चाळिशीत असताना सरकारला निधी मिळाला. धरण बांधून वीज काढता येईल का, याचा फक्त अभ्यास करायचा होता. घरांवर लाल आकडे पडले आणि नोटीस आली : अभ्यास संपेपर्यंत बांधकाम नाही, दुरुस्तीही नाही, केली तर भरपाई बुडाली.

“दोन वर्षांचा तर प्रश्न आहे,” सर्वेक्षण अधिकारी म्हणाला.

दुसऱ्या वर्षी निधी आटला. खडक तपासणारी यंत्रं गंजत पडली, पण बंदी काही कोणी उठवली नाही. पुढे चार वर्षांनी दुसऱ्या संस्थेनं पैसे दिले. तिला जुनी मोजमापं मान्य नव्हती. पुन्हा श्रीगणेशा.

ओळंब्याच्या हातातलं काम तर केव्हाच गेलं होतं. शेवटी त्यानं अभ्यासवाल्यांकडेच रोजंदारी धरली. पाणी कुठवर चढेल ते दाखवणारे सिमेंटचे खुंट डोंगरावर रोवायचे.

“आपलं घर किती बुडणार, ते तुम्हीच दाखवणार?” बायकोनं विचारलं.

“कोणीतरी दाखवणारच. मी निदान नीट दाखवीन.”

स्वयंपाकघराची मागची भिंत आत फुगून पोट काढू लागली, तेव्हा तो अधिकाऱ्याकडे गेला.

“साहेब, एकच भिंत आहे. चार दिवसांचं काम.”

“भिंत म्हणजे बांधकामच की हो. अभ्यास संपू द्या.”

त्यानं लाकडाचे टेकू लावले. एका झडीच्या आठवड्यात, भरदुपारी, टेकूंसकट भिंत आत आली. बायको चुलीपाशी होती. तो वर डोंगरावर खुंट रोवत होता. शेजारी त्याला न्यायला धावत वर आला.

महिन्याभरानं भरपाईची यादी ताजी करायला एक बाई आली.

“घरात माणसं दोन ना?”

“एक.”

तिनं आकडा खोडला. मग पडलेल्या भिंतीकडे बघून चाचरत म्हणाली, “काका, घराची किंमतही कमी लावावी लागेल.”

अकराव्या वर्षी अहवाल आला. खडकाला भेगा आहेत, इथे धरण होणार नाही. नदीच्या खालच्या अंगाला नव्यानं अभ्यास करावा. त्यासाठी निधीही मंजूर झाला. इथली बंदी उठली, तोवर गावात चौदा घरं उरली होती.

अधिकाऱ्यानं त्याला निरोप धाडला, खाली खुंट रोवायला या, रोजंदारीही वाढवून देतो. ओळंब्या खालच्या गावात गेला, पण गवंडीकामाची करणी-थापी घेऊन. दारोदार सांगत सुटला, “भिंती आत्ताच दुरुस्त करून घ्या. नोटीस आली की हात बांधले जातील.”

लोक हसले. बायको गेल्यापासून म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, म्हणाले. एका विधवेनं तेवढं ऐकलं. तिची न्हाणीघराची भिंत त्यानं पायापासून नवी उचलली. गिलावा ओला होता, तोच लाल रंगाचा डबा घेतलेली माणसं गल्लीत शिरली.