मोठ्या कागदाची फ्रेम

माझा मुलगा फ्रेमा करतो. लोकांचे फोटो, चित्रं आणि त्यांच्या पोरांच्या डिग्र्या काचेखाली घालून देतो. दुकान एवढंसं आहे की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्यानं पोट आत ओढून उभं राहायचं. मी सकाळी तिथं स्टुलावर बसते आणि जुन्या वर्तमानपत्रानं काचा पुसते. माझी शाळा चौथीतच संपली, पण या पुसण्यामुळे वाचायची सवय टिकली. बातमी मात्र नेहमी अर्धीच मिळते, बाकीची काचेला लागते.

पोराच्या हातात कसब आहे. फ्रेमचा कोपरा असा जुळवतो की नख फिरवलं तरी सांधा लागत नाही. शाळेत मात्र दहावीला दोनदा बसला आणि दोनदा तसाच उठला. त्यानंतर त्यानं शाळेचं नाव काढलं नाही आणि आम्हीही नाही.

पण नशीब असं की दुसऱ्यांच्या डिग्र्या हाताळण्यातच त्याचा जन्म गेला. मोठ्या विद्यापीठाचा कागद जाड, पिवळसर, चांगला हातभर लांब. तो घेऊन येणारे आईबाप दोन्ही हातांवर धरून यायचे, जणू आत बाळ झोपलंय. बाकीच्या कॉलेजांचे कागद लहान. ते गुंडाळून, रबर लावून, भाजीच्या पिशवीतून यायचे. "साधंच करा हो काहीतरी," म्हणत ती माणसं खाली बघायची.

मग माझा मुलगा म्हणायचा, "साधं कशाला? मोठी फ्रेम घ्या. आत चारी बाजूंनी रुंद माउंट टाकतो. कागद लहान असला की नजर उलट थेट त्याच्यावरच जाते." माउंट म्हणजे काचेखालचा जाड पुठ्ठा, मधोमध खिडकी कापलेला. माणसं ताठ मानेनं परत जायची. हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. म्हणून तर सगळं लिहितेय.

त्याला एकच मुलगी. अंगानं बारीक आणि सारखी काहीतरी उचलून इकडून तिकडे नेणारी, म्हणून मी तिला मुंगी म्हणते. मुंगी आठ वर्षांची असताना त्यानं दुकानातल्या सगळ्यात चांगल्या लाकडाची एक फ्रेम केली. मोठ्या विद्यापीठाच्या कागदाच्या मापाची. आत काहीच नाही, नुसता काळा कागद. ती तिच्या अभ्यासाच्या टेबलासमोर टांगली.

"बाबा, आत काय येणार?"

"तुझं नाव."

मागच्या काळ्या कागदामुळे काचेत चेहरा स्वच्छ दिसायचा. पोरीनं त्याचा आरसाच करून टाकला. तिथं बघून भांग पाडायची, दात हलायला लागला की तिथंच आ करून बघायची. मी म्हटलं, "अरे, बघ की तुझ्या फ्रेममध्ये. आलीय ती आत." तो हसला नाही.

एकदा मीच त्याला टोकलं, "पोरीच्या डोक्यावर कशाला टांगून ठेवलंस ते?" तेव्हा हातातली पट्टी खाली ठेवून म्हणाला, "आई, लोक दुकानात कसे येतात ते तू रोज बघतेस. माझ्या पोरीनं तिचा कागद पिशवीतून आणलेला मला चालणार नाही." त्याला मिरवायचं नव्हतं हो. तो घाबरला होता. पण घाबरलेल्या बापाचा आवाज चिडल्यासारखाच येतो, आणि लेकराला नुसता आवाज कळतो.

बारावीनंतर मोठ्या विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला मुंगी बसली. नाही झालं. वर्षभर घरी राहून पुन्हा बसली. त्या वर्षात तिची मनगटं एवढी बारीक झाली की सुनेनं तिच्या बांगड्या काढून ठेवल्या. दुसऱ्यांदाही थोडक्यात हुकलं.

"मी नदीपलीकडच्या कॉलेजात जाते," ती म्हणाली. "फिजिओथेरपीला." म्हणजे आखडलेले हातपाय मोकळे करायचं शिक्षण.

"बरं," तो म्हणाला. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. फ्रेम भिंतीवर तशीच राहिली. पोर मात्र स्वयंपाकघरातल्या चिमुकल्या आरशात बघून भांग पाडायला लागली.

ती तिसऱ्या वर्षाला असताना एक दिवस सून तापानं पडली आणि बापाचा डबा मुंगीनं दुकानात आणला. आत एक रिटायर्ड इंजिनीयर बसले होते, मांडीवर मुलाचा मोठा कागद.

"तुमची मुलगी काय करते सध्या?"

"तयारी करतेय," माझा मुलगा म्हणाला. "मोठ्या विद्यापीठाची."

"अजून?"

"यंदा होईल."

मुंगी दारात उभी होती. मी काच पुसत होते, माझा हात तिथंच थांबला. ती आत आली आणि डबा काउंटरवर ठेवला. "बाबा, डबा."

"अरे वा, हीच का?" इंजिनीयर म्हणाले. "जोरात अभ्यास कर हं, बेटा."

"हो काका," ती म्हणाली आणि गेली. पोरीनं बापाला खोटं पडू दिलं नाही. त्या दुपारी त्याच्या हातून दोन काचा वाकड्या तुटल्या. मी म्हटलं, "सांगायचं होतंस रे, जे आहे ते." तर म्हणे, "आई, तू काच पूस."

त्यानंतर ती दुकानाची पायरी चढली नाही.

तिचा पदवीचा समारंभ झाला तेव्हा मी आणि सून गेलो. वर्गात दुसरी आली होती. बापाला वेळ नव्हता, त्याच आठवड्यात मोठ्या विद्यापीठाचे चाळीस कागद आले होते. मग तिला नदीपलीकडच्या दवाखान्यात नोकरी लागली आणि ती तिकडेच मैत्रिणीसोबत खोली घेऊन राहिली. सुनेला रोज फोन करायची. बापाशी बोलणं म्हणजे "बाबा बरे आहेत ना?" हे आईला विचारणं.

एक गोष्ट मी तिला कधी सांगितली नाही. त्या दिवसांत त्यानं एक सुंदर पांढरा पुठ्ठा बाजूला काढून ठेवला होता. "कुणासाठी रे?" म्हटलं, तर "असाच." दाराशी कुणाची सावली पडली की मान वर करायचा. असे दोन-तीन महिने गेले. मग मान वर करणं थांबलं.

गेल्या वर्षी त्याचा उजवा खांदा आखडला. जन्मभर काचा उचलल्या, दुसरं काय होणार! हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली ती नेमकी मुंगीच्याच दवाखान्याची. तो जायला तयार नव्हता. मी म्हटलं, "मला चालवत नाही तरी मी येते. आता बोल."

तीन खाटा, भिंतीला कप्पीतून सोडलेला दोर, कोपऱ्यात रबरी चेंडू. मुंगी पांढऱ्या कोटात आली, हातातल्या कागदावरचं नाव वाचलं आणि मग वर बघितलं.

"कधीपासून दुखतंय?" तिनं विचारलं. बापाला नाही, पेशंटला विचारतात तसं.

तो तिच्या टेबलामागच्या भिंतीकडे बघत होता. तिथं तिची पदवी होती. प्लास्टिकमध्ये चिकटवून घेतलेली, चार कोपऱ्यांना चिकटपट्टी.

"हे कुठं करून घेतलंस?"

"कॉलेजसमोर. झेरॉक्सवाल्याकडे."

"प्लास्टिक आता निघणार नाही. काढायला गेलं तर कागद फाटतो."

"माहीत आहे, बाबा."

"माझ्याकडे का नाही आणलास?"

"तुमच्या फ्रेममध्ये बसला नसता," ती म्हणाली. रागानं नाही, एखादं माप सांगावं तसं. "लहान आहे."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. म्हण की रे, मनात म्हटलं. रुंद माउंट टाकतो म्हण. परक्या माणसांना दिवसातून चारदा सांगतोस ते एकदा हिला सांग. त्यानं तोंड उघडलं, मिटलं आणि खाटेवर जाऊन बसला.

"हात वर करा," ती म्हणाली. "एक."

सहा आठवडे आम्ही जात होतो. एक ते दहा, पुन्हा एक ते दहा. बापलेकीचं तेवढंच बोलणं. ती त्याचं कोपर तळहातावर असं धरायची, जसा तो मोठे कागद धरतो. शेवटच्या दिवशी हात सरळ वर गेला. तिनं एका कागदावर घरी करायचे व्यायाम लिहिले, माणसाची काडीसारखी चित्रं काढली, प्रत्येकापुढे "दहा वेळा" लिहिलं, खाली सही केली.

"आता यायची गरज नाही," म्हणाली. बाहेर दुसरा पेशंट उभा होता.

घरी आल्यावर त्यानं टेबलासमोरची फ्रेम उतरवली. भिंतीवर तिच्या जागी पांढरा चौकोन राहिला, बाकी भिंत केव्हाच मळली होती. मला वाटलं, मोडतोय. तो फ्रेम दुकानात घेऊन गेला, बाजूला ठेवलेला तो पुठ्ठा काढला, मधोमध छोटी खिडकी कापली आणि मुंगीनं लिहिलेला तो व्यायामाचा कागद आत बसवला. काच मी पुसली. नजर खरंच थेट त्याच्यावरच जाते.

फ्रेम पुन्हा त्याच खिळ्याला आहे. तो रोज सकाळी तिच्यासमोर उभा राहून हात वर करतो आणि मोठ्यानं मोजतो. दहावर थांबत नाही, वीसपर्यंत जातो.

मी मुंगीला फोनवर सगळं सांगितलं. फ्रेम सांगितली, माउंट सांगितला, वीसपर्यंतचं मोजणं सांगितलं. "एकदा येऊन बघून जा गं," म्हटलं.

पलीकडे ती कुणा पेशंटला "हात खाली घ्या" म्हणाल्याचं ऐकू आलं.

"आजी," मग ती म्हणाली, "त्यांना सांग, दहाच वेळा करा. जास्त केलं तर पुन्हा दुखेल."

मी सांगितलं. तेव्हापासून तो दहालाच थांबतो, आणि हात खाली घेऊन उगाच थोडा वेळ तिथं उभा राहतो. ती अजून आलेली नाही.